घरातली वीज, बिल आणि रोजची उपकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बिल्डिंगमधले शेजारी, गावाकडचे नातेवाईक आणि वर्गातल्या मुलींच्या आया मला सर्वांत जास्त विचारतात ते विजेच्या बिलाबद्दल. तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे.

माझं मत आधीच सांगते. वीज वाचवायची आपली धडपड खरी असते, पण ती बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी खर्च होते. चार्जरचं बटण बंद करायला आपण अंथरुणातून उठतो आणि गिझर तासभर चालू राहिला तरी लक्षात येत नाही. आधी मोजा आणि मग कुठे वाचवायचं ते ठरवा.

१. युनिट युनिट म्हणतात ते नेमकं काय?

१००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. मीटरवर यालाच केडब्ल्यूएच लिहिलेलं असतं. १० वॅटचा बल्ब १०० तास लागला तरी एकच युनिट पडतं. म्हणून नुसते वॅट बघून घाबरायचं नाही, वॅट गुणिले तास करायचं. ७५० वॅटचा मिक्सर चटणीसाठी दोन मिनिटं फिरतो, त्याचं युनिट ०.०२५. महिनाभर रोज चटणी केली तरी एक युनिट होत नाही.

डब्यावर छापलेले वॅट हे बहुधा जास्तीत जास्त असतात. इस्त्री १००० वॅटची असली तरी तापली की थर्मोस्टॅट तिला बंद करतो आणि निवली की पुन्हा चालू करतो. त्यामुळे तासभर इस्त्री केली तरी पूर्ण युनिट पडत नाही.

२. आमच्याकडे एसी नाही, तरी बिल येतंच. मग घरात जास्त वीज खातं कोण?

दोन प्रकारची उपकरणं. एक, जी तापवतात किंवा गार करतात: गिझर, फ्रीज, इस्त्री, एसी. दुसरी, जी फार तास चालतात, आणि त्यांत पंखे पहिले. चार माणसांच्या घरात ७५ वॅटचे तीन पंखे रोज १० तास फिरले तर महिन्याला ६७ युनिटच्या आसपास होतात. एवढा आकडा कुणालाच खरा वाटत नाही, कारण पंख्याकडे कुणी लक्षच देत नाही. थंडीत पंखे बंद होतात आणि गिझर त्यांची जागा घेतो (प्रश्न १२). फ्रीज मात्र बारा महिने चालतो.

३. कोणतं उपकरण किती वीज घेतं ते घरी मोजता येतं का?

येतं, आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. तुमच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा आणि पुढे 'इम्पल्स पर केडब्ल्यूएच' छापलेलं असतं. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट.

घरातलं सगळं बंद करा, फ्रीजचा प्लगसुद्धा थोडा वेळ काढा. फक्त एक पंखा चालू ठेवा. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मीटरसमोर उभे राहा आणि दोन लुकलुकींमधलं अंतर मोजा. ३२०० वाल्या मीटरला ११२५ भागिले सेकंद केलं की वॅट मिळतात. १६०० वाल्याला २२५० भागिले सेकंद. बाकी कोणताही आकडा असेल तर ३६ लाख भागिले तो आकडा, आणि त्याला पुन्हा सेकंदांनी भागायचं.

माझ्या खोलीतला जुना पंखा पाचवर असताना दिवा साधारण १५ सेकंदांनी लुकलुकतो. ११२५ भागिले १५ म्हणजे ७५ वॅट. दोनवर आणला की हेच अंतर ३५ सेकंदांच्या पुढे जातं, म्हणजे पंखा ३२ वॅटच्या आत येतो. एकाच लुकलुकीवर विसंबू नका. दहा लुकलुकींचा वेळ मोजून त्याला दहाने भागा, आकडा पक्का येतो. गिझर लावला तर दिवा सेकंदाच्या आत लुकलुकतो, तेव्हा तर दहा मोजाव्याच लागतात.

मीटरचं झाकण किंवा सील यांना हात लावायचा नाही. हे सगळं बाहेरून बघून होतं.

४. १०० युनिटच्या वर एक जरी युनिट गेलं तरी सगळेच युनिट महागड्या दराने लागतात, हे खरं का?

नाही. महाराष्ट्रात घरगुती बिलाचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. १०५ युनिट झाले तर पहिले १०० स्वस्त दरानेच लागतात, फक्त वरचे ५ पुढच्या दराने. त्यामुळे ९९ वर थांबवण्यासाठी महिनाअखेरीला मुलांचा अभ्यास मेणबत्तीवर करून घ्यायची गरज नाही.

पण दुसरी बाजूही बघा. तुम्ही वाचवता ते युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातलं असतं. ३२० युनिट वापरणाऱ्याने २० वाचवले तर ते विसाच्या वीस ३०० च्या वरचे असतात.

युनिट निम्मे झाले तरी बिल निम्मं होत नाही, त्याचं कारण स्थिर आकार. तो वापर शून्य असला तरी लागतो. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार हे युनिटप्रमाणे कमी होतात. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क असतं, तेही त्या प्रमाणात उतरतं.

५. मोबाईलचा चार्जर बोर्डाला तसाच लावून ठेवला तर किती वीज जाते?

मोबाईल जोडलेला नसेल तर चांगला चार्जर पाव वॅटसुद्धा घेत नाही. वर्षभर तसाच राहिला तरी दोनेक युनिट.

मोबाईल चार्ज करायलाही फार लागत नाही. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. चार्जिंगमध्ये वाया जाणारे धरून २५ म्हणू. एका युनिटमध्ये मोबाईल ४० वेळा पूर्ण चार्ज होतो. चार्जर काढून ठेवायचं खरं कारण वेगळं आहे: स्वस्तातला, नावगाव नसलेला चार्जर तापतो, आणि उशीजवळ तापलेली वस्तू नको.

६. टीव्ही रिमोटने बंद करतो, तेवढं पुरेसं आहे ना?

टीव्हीपुरतं पुरेसं आहे. आजचे टीव्ही रिमोटने बंद केले की अर्धा वॅट किंवा त्याच्या आसपास घेतात. खरी वीज शेजारचा सेट टॉप बॉक्स खातो. अनेक बॉक्स रिमोटने बंद केल्यावर फक्त समोरचा दिवा बदलतात, आतलं सर्किट जागंच असतं. असा १० वॅटचा बॉक्स दिवसरात्र राहिला तर महिन्याला ७ युनिट. तुमचा बॉक्स यांतला आहे का ते सोपं ओळखता येतं: बंद करून दोन तासांनी हात लावा, कोमट लागला तर आहे. रात्री बोर्डावरचं बटण बंद करा.

वायफायच्या राउटरचं गणित असंच आहे, ८ वॅटला महिन्याला पावणेसहा युनिट. घरी लँडलाईन किंवा कॅमेरा त्यावर चालत नसेल तर झोपताना बंद करायला हरकत नाही.

७. पंखा दोनवर ठेवला तर वीज वाचते की रेग्युलेटरमध्ये जाते?

रेग्युलेटर कोणता यावर आहे. जुना, मोठ्या खोक्यासारखा, हाताला गरम लागणारा रेग्युलेटर आत तारेचं वेटोळं घालून व्होल्टेज कमी करतो आणि उरलेली वीज तिथेच उष्णता होऊन जाते. पंखा हळू होतो, बचत थोडीच होते. हल्लीच्या बोर्डात बसणाऱ्या, टकटक आवाजाने फिरणाऱ्या छोट्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात. कपॅसिटर व्होल्टेज उतरवतो पण स्वतः जवळजवळ तापत नाही, त्यामुळे वाचलेली वीज खरोखर वाचते. जुना खोका अजून भिंतीवर असेल तर आजच बदला. इतक्या कमी खर्चात एवढा फरक पाडणारं घरात दुसरं काही नाही.

८. बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा महाग आहे. घ्यावा का?

जो पंखा रोज दहा-बारा तास आणि मोठ्या वेगाने फिरतो, त्याच्या जागी घ्यावा. पाहुण्यांच्या खोलीत नको.

साध्या पंख्यात इंडक्शन मोटर असते. तिच्या फिरत्या भागात वीज आधी निर्माण व्हावी लागते, मग तो फिरतो, आणि त्यात बरीच वीज तापण्यात जाते. बीएलडीसीमध्ये फिरत्या भागात कायमचे चुंबक बसवलेले असतात आणि आतलं छोटं सर्किट कोणत्या वेटोळ्याला कधी वीज द्यायची ते ठरवतं. म्हणून तेवढ्याच वाऱ्याला ७५ ऐवजी ३० वॅटच्या आसपास पुरतात.

रोज १२ तास धरले तर महिन्याला १६ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरा, १३० रुपये झाले. साध्या पंख्यापेक्षा हजार-दीड हजार जास्त मोजले असतील तर ते साधारण वर्षभराच्या वापरात निघतात. पण तुम्ही पंखा नेहमी दोनवरच ठेवत असाल आणि रेग्युलेटर नव्या प्रकारचा असेल, तर फरक बराच कमी होतो. आधी प्रश्न ३ प्रमाणे मोजा. छताच्या पंख्यांना स्टार लेबल २०२३ पासून सक्तीचं आहे, तेव्हा दुकानात लेबल बघूनच घ्या.

९. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालेल का?

रेग्युलेटर मधून काढून थेट जोडणी करून घ्या. या पंख्याचा वेग त्याच्याच सर्किटने, रिमोटने बदलायचा असतो. रेग्युलेटर पाचवर ठेवून पंखा चालतो खरा, पण घरातलं कुणी तरी एक दिवस तो दोनवर फिरवणारच, आणि मग आतल्या सर्किटला अर्धवट व्होल्टेज जाऊन ते बिघडतं. वॉरंटीतही असा बिघाड नाकारला जाऊ शकतो. वायरमनचं दहा मिनिटांचं काम आहे.

१०. एसी १६ वर लावला की खोली लवकर गार होते ना?

नाही होत. साध्या एसीचा कॉम्प्रेसर १६ वर ठेवला काय आणि २४ वर ठेवला काय, सुरुवातीला त्याच ताकदीने चालतो. फरक एवढाच, की २४ वर तो खोली गार झाल्यावर थांबतो आणि १६ वर थांबतच नाही, कारण मे महिन्यात १६ गाठणंच त्याला जमत नाही. इन्व्हर्टर एसी वेग कमी-जास्त करतो, पण त्यालाही १६ दिलं की तो जोरातच राहतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात दीड हजार वॅटच्या आसपास घेतो.

बीईई, म्हणजे स्टार लेबल ठरवणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना आपोआप २४ वर येतील, असा नियम झाला. २६ वर ठेवून छताचा पंखा हळू लावा. पंखा हवा गार करत नाही, पण अंगावरचा घाम सुकवतो, आणि २६ ची खोली २४ सारखी वाटते. पंख्याचे ३० वॅट देऊन एसीचे कितीतरी जास्त वाचतात. जाळी महिन्यातून एकदा धुवा. धुळीने भरलेल्या जाळीतून हवा जात नाही आणि कॉम्प्रेसर उगाच चालत राहतो.

११. नागपूरला मामांकडे कूलरने खोली थंडगार होते. ठाण्यात आमच्याकडे तोच कूलर का चालत नाही?

कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते, पाणी झपाट्याने उडतं आणि १५० ते २०० वॅटमध्ये एसीसारखा गारवा येतो. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे हवेतच इतका ओलावा असतो की वाफ होतच नाही, उलट खोली दमट होते. विदर्भात कूलर हा विजेच्या दृष्टीने उत्तम पर्याय आहे, फक्त खिडकी थोडी उघडी हवी. किनाऱ्यावर त्यावर पैसे घालू नका.

१२. गिझर दिवसभर चालू ठेवावा की दर वेळी लावावा?

अंघोळीच्या आधी लावा आणि बंद करा. गरम पाणी टाकीत पडून राहिलं की निवतं आणि गिझर ते पुन्हा तापवतो. ही गळती किती, ते टाकीच्या गिझरच्या स्टार लेबलवर २४ तासांच्या हिशेबात छापलेलं असतं, घेताना नक्की वाचा.

पण खरा खर्च पाणी तापवण्याचाच आहे. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० वर न्यायला ०.४७ युनिट लागतं. हे भौतिकशास्त्राचं गणित आहे, कोणत्याही कंपनीचा गिझर त्यात सूट देऊ शकत नाही. चार माणसांच्या चार बादल्या रोज धरल्या तर महिन्याला ५६ युनिट. प्रश्न ५ मधला मोबाईल एका बादलीच्या विजेत जवळपास १९ दिवस चार्ज होतो.

म्हणून वाचवायचं असेल तर पाणी कमी तापवा. गिझरचा खटका ६० वर ठेवून वरून बादलीभर गार पाणी मिसळण्यात अर्थ नाही, ४५ ते ५० पुरे. शॉवरपेक्षा बादलीत कमी पाणी लागतं. आणि गच्ची तुमची असेल तर सौर बंबाचा विचार सगळ्यांत आधी करा, कारण उन्हाने पाणी तापवणं हे उन्हाने वीज करून मग तापवण्यापेक्षा सोपं आणि स्वस्त आहे.

झटपट गरम करणारा ३ किलोवॅटचा छोटा गिझर आणि २ किलोवॅटचा टाकीचा गिझर यांत बादलीमागचे युनिट सारखेच पडतात, वेळ वेगळा लागतो.

१३. फ्रीज रात्री बंद केला तर?

करू नका. फ्रीज सतत वीज घेत नाही. हवं तेवढं गार झालं की कॉम्प्रेसर थांबतो. रात्री बंद केलेला फ्रीज सकाळी सगळी उब बाहेर काढायला बराच वेळ सलग चालतो, त्यामुळे वाचतं फार थोडं, आणि दूध, भाजी, औषधं बिघडायची भीती वेगळी.

त्याऐवजी दाराचं रबर तपासा. दहाची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर सैल झालंय, गार हवा तिथून जातेय. फ्रीजच्या मागे आणि बाजूला हवा खेळायला जागा ठेवा. गरम भांडं ओट्यावर निवू द्या आणि मग आत ठेवा. एक दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर बोटाएवढा झाला की काढा, तो थर गारवा बाहेर येऊ देत नाही.

१४. दोन्ही फाइव्ह स्टार आहेत, तरी एक जास्त वीज का घेतो?

स्टार हे त्याच आकाराच्या, त्याच प्रकारच्या उपकरणांमध्ये तुलना करतात. ५०० लिटरचा फाइव्ह स्टार फ्रीज २०० लिटरच्या थ्री स्टारपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. म्हणून स्टारच्या खाली छापलेला वर्षाच्या युनिटचा आकडा वाचा, बिलात तोच येतो.

लेबलवर वर्षही असतं, आणि ते महत्त्वाचं आहे. बीईई दर काही वर्षांनी निकष कडक करते. जुन्या साठ्यातला फाइव्ह स्टार एसी आजच्या निकषाने थ्री स्टार असू शकतो. एसीच्या लेबलवरचा वर्षाचा आकडा १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. तुम्ही फक्त एप्रिल-मेमध्ये रात्री लावत असाल तर तुमचे तास बरेच कमी भरतील, आणि मग महागडा फाइव्ह स्टार घेण्याऐवजी थ्री स्टार पुरेल.

१५. एलईडी बल्बवर इतके वर्षं चालेल लिहितात, आमचे वर्षात का जातात?

बहुतेक वेळा एलईडी जात नाही, तिच्यामागचं सर्किट जातं. बल्बच्या मानेत एक छोटा कपॅसिटर असतो आणि त्याला उष्णता सोसत नाही. बंद काचेच्या गोळ्यात किंवा घट्ट फॉल्स सीलिंगमध्ये बल्ब लावला की उष्णता बाहेर पडत नाही आणि कपॅसिटर सुकतो. होल्डर सैल असेल तर ठिणग्या पडूनही तेच होतं.

तरीही एलईडीच घ्या. ९ वॅटची एलईडी जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बएवढा उजेड देते. जुनी ४० वॅटची ट्यूब चोक धरून ५० वॅटच्या पुढे जाते, तिच्या जागी २० वॅटची पट्टी पुरते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर हे बल्ब घरोघरी पोचले, त्यांच्या किमती उतरल्या. मात्र खोक्यावर वॅट बघू नका, लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघा. एका वॅटला १०० लुमेनच्या आसपास देणारा चांगला.

देवघरात किंवा झोपायच्या खोलीत जुना झिरोचा बल्ब असेल तर तोही बदला. तो १५ वॅटपर्यंत घेतो. रात्रभर लावला की महिन्याला साडेचार युनिट, आणि अर्ध्या वॅटच्या एलईडीत तेवढाच उजेड मिळतो.

१६. बटण बंद केल्यावरही एलईडी मंद जळत राहते. वीज जाते का?

जाते ती इतकी थोडी की बिलात दिसत नाही. कारणं तीन. बटणात छोटा निऑन दिवा असेल तर त्यातून वाहणारी किंचित वीज एलईडीला पुरते. दोन वायर लांबवर एकमेकींना चिकटून गेल्या असतील तरी थोडं व्होल्टेज दुसरीत येतं.

तिसरं कारण मात्र धोक्याचं आहे: वायरिंग करताना बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असतं. मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते आणि बल्ब बदलताना शॉक बसू शकतो. टेस्टर होल्डरला लावून बघणं अवघड वाटत असेल तर वायरमनकडून तपासून घ्या. हे पुढे ढकलू नका.

१७. सॉकेटमध्ये खोचायचं, आणि ३० टक्के बिल कमी होतं असं यंत्र मिळतं. घेऊ का?

नको. आत एक कपॅसिटर आणि एक चमकणारा दिवा असतो. हे यंत्र विकणारे ॲम्पिअर मोजून दाखवतात आणि ॲम्पिअर खरंच कमी होतात, त्यामुळे माणसाचा विश्वास बसतो. मोटरसारखी उपकरणं कामाच्या विजेखेरीज काही करंट नुसताच मागेपुढे खेळवत असतात. कपॅसिटर तो करंट जागच्या जागी पुरवतो. पण घरचा मीटर तो खेळता करंट मोजतच नाही, तो फक्त कामाची वीज मोजतो. जे मोजलंच जात नाही ते कमी होऊन बिल कसं उतरणार? पटत नसेल तर मीटरच्या दिव्यासमोर उभे राहून यंत्र लावून आणि काढून बघा, लुकलुक बदलत नाही.

अपवाद आहेत. मोठ्या उद्योगांचं बिल केव्हीएएचवर येतं, त्यात हा करंट धरला जातो, म्हणून कारखाने मोठे कपॅसिटर बसवतात. शेतपंपालाही कपॅसिटर लावायला सांगतात ते योग्यच आहे. तिथे लाईनवरचा करंट कमी होतो, शेवटच्या विहिरीपर्यंत व्होल्टेज टिकतं आणि ट्रान्सफॉर्मर जळायचे प्रकार कमी होतात. गावातल्या सगळ्यांनी लावला तरच त्याचा उपयोग दिसतो.

१८. गावाला व्होल्टेज कमी असतं. त्यामुळे बिल जास्त येतं का?

उपकरणावर अवलंबून. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर २००० वॅटचा गिझर १५०० वॅटचाच उरतो, पाणी तापायला जास्त वेळ लागतो, युनिट जवळपास तेवढेच पडतात. टीव्ही, एलईडी, चार्जर यांना फारसा फरक पडत नाही, आतलं सर्किट सांभाळून घेतं. त्रास मोटरला होतो. पाणी ओढायचं काम तेवढंच, व्होल्टेज कमी, म्हणून ती जास्त ॲम्पिअर ओढते, आतली तार तापते आणि शेवटी जळते. बिल थोडं वाढेल, पण मोटर भरून आणायचा खर्च त्याहून कितीतरी मोठा.

१९. इन्व्हर्टर-बॅटरी घेतल्यापासून बिल वाढलंय. असं होतं का?

होतं. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात, पण तेवढे भरायला त्याहून बरेच जास्त लागतात. चार्ज होताना आणि नंतर पुन्हा घरात येताना, दोन्हीकडे वीज उष्णता होऊन जाते. लाईट गेली नाही तरी इन्व्हर्टर थोडी वीज घेत राहतो.

बॅटरी जुनी झाली की हे वाढतं. प्लेटा खराब झाल्या तर ती पूर्ण भरतच नाही आणि चार्जर थांबतच नाही. बॅटरी हाताला गरम लागत असेल आणि पाणी सारखं घालावं लागत असेल तर ती बदलायची वेळ आली आहे. इन्व्हर्टरवरचे पंखे बीएलडीसी असतील तर तीच बॅटरी जवळपास दुप्पट वेळ पुरते. माझ्या मते, जिथे रोज लाईट जाते तिथे बीएलडीसीचं खरं महत्त्व हे आहे.

२०. घरातलं सगळं बंद केलं, तरी मीटर लुकलुकतंय. आता?

आधी 'सगळं' तपासा: दारावरची बेल, राउटर, इन्व्हर्टर, ॲक्वागार्ड, पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक स्विच. मग मीटरनंतरचा मेन स्विच पाडा.

मेन पाडल्यावरही दिवा लुकलुकत राहिला तर दोष तुमच्या घरात नाही. मीटरमध्ये तरी आहे किंवा मीटर आणि मेन स्विचच्या मधून कुणी तरी जोडणी घेतली आहे. जिन्यातला दिवा किंवा सोसायटीचा पंप चुकून एका घराच्या मीटरवर असल्याचं आढळतं. वीज कंपनीकडे लेखी अर्ज देऊन मीटर तपासून घ्या.

मेन पाडल्यावर थांबला, तर मेन चालू करून एमसीबी (बोर्डातले एकेका लाईनचे खटके) एकेक पाडत जा. ज्याच्याने लुकलुक थांबते त्या लाईनमध्ये गळती आहे. गिझरची फुटलेली कॉइल आणि ओल धरलेली भिंत ही नेहमीची कारणं. इथे युनिटचा विचार बाजूला ठेवा. गळणारी वीज माणसाला लागू शकते. त्या लाईनचा एमसीबी पाडून ठेवा, वायरमनला बोलवा आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

२१. मोबाईलमध्ये डार्क मोड लावला तर बॅटरी वाचते का?

ओएलईडी किंवा अ‍ॅमोलेड स्क्रीन असेल तर वाचते, कारण त्यात काळा ठिपका म्हणजे बंद दिवा. एलसीडी स्क्रीनमागे पूर्ण दिवा चालूच असतो, तिथे काळ्या रंगाने काही होत नाही, उजेड कमी करण्यानेच होतं.

२२. गच्चीवर सोलर बसवलं, तरी लाईट गेल्यावर घरात अंधार का?

कारण तुमची यंत्रणा ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेली आणि बॅटरी नसलेली आहे. लाईट गेली की तिचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, ऊन कितीही असलं तरी. तो बंद झाला नाही तर तुमच्या गच्चीवरची वीज उलट तारांमध्ये जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला लागेल. ही सोय त्याच्या जिवासाठी आहे, ती बंद करून द्या असं कुणालाही सांगू नका. अंधारातही वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि त्याचा खर्च बराच जास्त आहे.

एक किलोवॅटला आपल्याकडे महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवलं गेलं. पण किती किलोवॅट बसवायचं ते आजच्या बिलावरून ठरवू नका. आधी पंखे, गिझर आणि दिवे बदला, तीन-चार महिन्यांची नवी बिलं बघा आणि मग कोटेशन मागवा. माझ्या आत्याकडे तीन किलोवॅटचं ठरलं होतं. पंखे बदलून सौर बंब बसवल्यावर दोनमध्ये भागलं.